नवीन व्हीआर हेडसेट: अक्षरं धूसर, कंट्रोलर उडतो, पीसीवरून खेळताना चित्र अडखळतं

पेंगुळलेलं_पिक्सेल
पीसीशिवायही चालणारा हेडसेट आहे, पॅनकेक (पातळ, चपट्या) लेन्सचा, आयपीडीसाठी, म्हणजे दोन बुबुळांमधल्या अंतरासाठी, खाली चाक आहे. अपडेट झालंय, बाउंड्री, म्हणजे खेळायच्या जागेची हद्द, आखलीय. तरी मेनूतली बारीक अक्षरं अगदी मध्यभागीही धूसर दिसतात. हेडसेट हाताने जरा वर उचलून धरला की स्पष्ट होतात. चष्मा लांबचा, उणे अडीच. संध्याकाळी दिवे लावले की उजवा कंट्रोलर मध्येच तरंगत दूर जातो. पीसीवरून खेळताना चित्र अडखळतं. पीसी आणि हेडसेट दोन्ही वायफायवर, राउटर शेजारच्या खोलीत. स्टिकने चालायचे गेम दहा मिनिटांत मळमळ आणतात. मोकळी जागा साधारण २ बाय २.५ मीटर. आधी काय तपासू, आणि ॲक्सेसरी घ्यायचीच तर कोणती खरंच लागते?

भिंगबहाद्दर
वर उचलल्यावर स्पष्ट दिसतं म्हणजे लेन्सचा मध्य तुमच्या बुबुळाच्या खाली बसतोय. लेन्सला दोष नाही, पट्टा चुकीचा बसलाय.

सगळे पट्टे सैल करा. हेडसेट आधी पुढून चेहऱ्यावर टेकवा, मग मागचा पट्टा डोक्यावरून ओढून घ्या. मागचा भाग कवटीच्या मागच्या उंचवट्याच्या खाली अडकला पाहिजे, वर नाही. बहुतेकांचं इथेच चुकतं, आणि मग बाजूचे पट्टे करकचून आवळले जातात. पुढचं वजन वरच्या पट्ट्याने पेलायचं असतं. क्वेस्ट ३ सारखा हेडसेट ५१५ ग्रॅमचा आहे, ते सगळं गालांवर आलं की दहा मिनिटांत खाली घसरतो. वरचा पट्टा अशा बेताने ओढा की गालावरचा दाब कपाळाइतकाच वाटेल. मग एखादं बारीक वाक्य समोर ठेवून हेडसेट मिलिमीटर-मिलिमीटर वर-खाली करा आणि जिथे अक्षर सगळ्यात ठसठशीत दिसेल तिथे सोडून द्या.

त्यानंतरच आयपीडी. आरशापासून २० सेंटिमीटरवर उभे राहा, मिलिमीटरची पट्टी भुवयांना आडवी टेकवा. उजवा डोळा मिटून डाव्या बुबुळाच्या मध्यावर शून्य आणा. डोकं न हलवता डावा मिटा, उजवा उघडा आणि त्या बुबुळासमोरचा आकडा वाचा. तीनदा मोजून सरासरी धरा. मोठ्या माणसांत ६३ मिमीच्या आसपास येतं, पण पाच-सहा मिमी इकडेतिकडे अगदी सर्रास. क्वेस्ट २ मध्ये ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागा होत्या, त्यामुळे मधल्या आकड्याच्या लोकांना तडजोड करावी लागायची. तुमच्याकडे चाक आहे, आकडा नेमका लावा.

चष्म्याबद्दल: पडदा डोळ्यापासून काही सेंटिमीटरवर असला तरी लेन्समुळे डोळ्याला तो एक-दोन मीटरवर असल्यासारखा फोकस करावा लागतो. म्हणून लांबचा नंबर आतही लागतोच, उणे अडीचला तर नक्की. चष्मा घालून खेळणार असाल तर फेसपॅडची (चेहऱ्याला टेकणाऱ्या गादीची) खोली एक-दोन टप्पे बाहेर काढा. चष्म्याची काच हेडसेटच्या लेन्सला लागली तर प्लास्टिकच्या लेन्सवर कायमचा ओरखडा पडतो, आणि तो निघत नाही. हेडसेटच्या लेन्सवर बसणारे नंबरचे इन्सर्ट (जादा भिंगं) मिळतात. माझ्या मते तुमची पहिली खरेदी तीच, दुसरी मागे चाक असलेला कडक पट्टा. बाकीचं सगळं थांबू शकतं.

लेन्स पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड, तेही मध्यापासून कडेकडे. स्पिरिट, सॅनिटायझर, ओला वाइप यांतलं काहीही नको. आणि वापर नसेल तेव्हा लेन्सवर ऊन पडू देऊ नका. भिंगातून कागद जळतो तसाच आतला पडदा जळतो, काही सेकंद पुरतात.

डावा_अंगठा
ट्रॅकिंगचं सांगतो. हेडसेटचे कॅमेरे कंट्रोलरमधले इन्फ्रारेड एलईडी ओळखतात आणि खोलीतल्या कडा-कोपऱ्यांवरून स्वतःची जागा ठरवतात. संध्याकाळी यातलं काय बिघडतं ते शोधायचं.

कॅमेऱ्याला खोली अंधारी वाटली तर तो फ्रेम जास्त वेळ उघडी ठेवतो आणि हात हलला की ठिपके फराटे होतात. तेव्हा एकच कोपऱ्यातला दिवा नको, सगळीकडे पसरलेला उजेड हवा. माळेतले बारीक दिवे, पिवळे तंतूचे बल्ब, चकचकीत टीव्ही किंवा आरसा यांमुळे खोटे ठिपके तयार होतात. उजवाच कंट्रोलर उडत असेल तर उजव्या बाजूला असं काय आहे ते आधी बघा. आरशावर चादर टाका, माळ बंद करा, परत खेळून बघा. सेटिंगमध्ये ट्रॅकिंगखाली विजेची फ्रिक्वेन्सी ५० किंवा ६० हर्ट्झ निवडता येत असेल तर आपल्या वीजपुरवठ्याची निवडा. चुकीची असेल तर दिव्यांचा लुकलुकाट कॅमेऱ्याला दिसतो. भिंती एकदम कोऱ्या असतील तर दोन-तीन चित्रं लावा, कॅमेऱ्याला धरायला काहीतरी लागतं.

तरीही थांबलं नाही तर दोन्ही कंट्रोलरमधले सेल अदलाबदल करा. चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे असतात, अल्कलाइन १.५ चे; म्हणून भरलेला सेलही कमी टक्के दाखवतो, त्याने घाबरायचं कारण नाही. पण जोरात हात फिरवल्यावरच कंट्रोलर क्षणभर गायब होत असेल तर सेल स्प्रिंगवरून सरकतोय. सेलभोवती कागदाचा एक वेढा द्या, घट्ट बसला पाहिजे.

जागा पुरेशी आहे, २ बाय २ मीटर लागते. फक्त बाउंड्री भिंतीला चिकटून आखू नका, २०-३० सेंटिमीटर आत आखा; रेषा पाय ओलांडायच्या आत हात ओलांडतो. वरचा पंखा बाउंड्रीत धरलेला नसतो हे डोक्यात ठेवा. मनगटाची दोरी प्रत्येक वेळी. मध्यभागी पातळ सतरंजी टाकून अनवाणी खेळलात तर पायालाच कळतं आपण किती सरकलो.

पाच_गिगाहर्ट्झ
दोन्ही टोकं वायफायवर म्हणजे प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जातेय, पीसी ते राउटर आणि राउटर ते हेडसेट. पीसीला लॅन केबल लावा. अर्धं दुखणं तिथेच थांबतं. राउटर खेळायच्या खोलीत, मध्ये भिंत नको. फक्त ५ गिगाहर्ट्झ (किंवा ६, दोन्हीकडे असेल तर), रुंदी ८० मेगाहर्ट्झ, चॅनल ३६ ते ४८ पैकी. ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनल टाळा, रडारचा संशय आला की राउटर तिथून आपोआप उडी मारतो आणि चित्र गोठतं. बिनतारी मेश एक्स्टेंडरच्या भरवशावर तर मुळीच नको.

बिटरेट (दर सेकंदाला हेडसेटकडे जाणारा डेटा) आपोआप नको, १०० एमबीपीएसवर पक्का करून सुरुवात करा. व्हर्च्युअल डेस्कटॉप या पीसीचं चित्र हेडसेटवर आणणाऱ्या ॲपमध्ये परफॉर्मन्स ओव्हरले लावला की गेम, एन्कोड (पीसीवर चित्र दाबून भरणं), नेटवर्क, डिकोड (हेडसेटमध्ये ते उलगडणं) असे वेगवेगळे आकडे मिलिसेकंदांत दिसतात. नेटवर्क उसळत असेल तर वायफाय, गेम चढत असेल तर ग्राफिक्स कार्ड, डिकोड चढत असेल तर बिटरेट जास्त झालाय. अंदाजाने सेटिंग फिरवण्यापेक्षा हे चार आकडे इथे टाका.

भिंगबहाद्दर
मळमळीबद्दल थोडं. कान म्हणतो आपण उभे आहोत, डोळा म्हणतो चाललोय. भांडण तिथे आहे. धूसर चित्र आणि गळणाऱ्या फ्रेम त्यात भर घालतात, म्हणून वरचं सगळं आधी. मग टेलिपोर्टने (चालण्याऐवजी थेट दुसऱ्या जागी उडी मारून) फिरा, वळणं ३० किंवा ४५ अंशांच्या झटक्याची ठेवा, कडा काळ्या करणारा व्हिन्येट पूर्ण लावा. सेटअपमध्ये जमिनीची उंची चुकलेली असेल तर नुसतं उभं राहूनही गरगरतं, ती परत लावून घ्या. टेबलफॅन समोरून सोडा. तोंडाला पाणी सुटणं, जांभया, कपाळावर घाम यांतलं काहीही झालं की तेवढ्यात थांबायचं. ‘सवय होईल’ म्हणून रेटलंत तर दुसऱ्या दिवशी हेडसेट बघूनच पोटात ढवळतं. आणि काढल्याकाढल्या गाडी चालवायला जाऊ नका.

पेंगुळलेलं_पिक्सेल
पट्टा आणि आयपीडी नीट केले, अक्षरं सुधारली. पीसीला केबल लावली, राउटर खोलीत आणला. ९० हर्ट्झवर ओव्हरले: गेम १६, एन्कोड ५, नेटवर्क ६, डिकोड ९. अजून अधूनमधून अडखळतंच.

पाच_गिगाहर्ट्झ
नेटवर्कचा प्रश्न सुटला. आता अडकलंय ते ग्राफिक्स कार्डापाशी. ९० हर्ट्झला एका फ्रेमला ११.१ मिलिसेकंद मिळतात, तुमचा गेम १६ घेतोय. मग प्रत्यक्षात ४५ फ्रेम बनतात आणि मधल्या हेडसेट किंवा पीसी अंदाजाने भरतो. हाताच्या कडा थरथरताना दिसतात त्या यामुळेच. ७२ हर्ट्झवर १३.९ मिळतात, तेही पुरणार नाहीत. म्हणून ७२ करा आणि सोबत रेंडर रेझोल्यूशन (कार्ड किती पिक्सेलचं चित्र बनवतं ते) एक पायरी खाली आणा. गेममधल्या सावल्या मध्यम, अँटी-अलियासिंग (दातेरी कडा गुळगुळीत करणं) हलकं. गेमचा आकडा १२ च्या खाली स्थिरावला की रेझोल्यूशन हळूहळू वर न्या, सावल्या सगळ्यात शेवटी.