शब्दचर्चा : भूल, शुद्ध आणि भान

कृष्णाकाठ (सांगली):
गेल्या आठवड्यात मिरजेत आमच्या आबांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. वय 76, पूर्ण भूल दिलेली. सिस्टर बाहेर येऊन म्हणाल्या, "शुद्धीवर आलेत, भेटा." आत गेलो तर डोळे उघडे, माझा हात घट्ट धरलेला, आणि विचारतायत, "हळदीचा सौदा निघाला का?" यार्डात जाणं सोडून बारा वर्षं झालीत त्यांना. आई रडायलाच लागली. शुद्ध आली होती, तर मग काय यायचं राहिलं होतं? शुद्ध आणि भान हे एकच नव्हे का?

मिरजेची भूलतज्ज्ञ:
नाही दादा, एक नव्हे. भूल उतरताना मेंदू साधारण खालून वर जागा होतो. आधी श्वास स्वतःचा स्वतः सुरू होतो, मग गिळणं, खोकणं. मग हाक मारली की डोळे उघडतात, "हात दाबा" म्हटलं की हात दाबला जातो. इथं आम्ही 'शुद्ध आली' म्हणतो. आपण कुठं आहोत, आज वार कोणता, समोर कोण उभं आहे, हे सगळं एकमेकांशी जुळलं की भान आलं. वयस्कर माणसांना त्याला काही तास, कधी काही दिवसही लागतात. असा गोंधळ दिसला तर डॉक्टरांना जरूर सांगा. चष्मा, कानाचं यंत्र लगेच द्या, घरचं कुणीतरी उशाशी बसू द्या. त्याचा खरंच उपयोग होतो.

आणि 'झोपेचं इंजेक्शन' म्हणू नका, एवढी विनंती. झोपलेला माणूस हलवला की उठतो, आणि त्याची झोप रात्रभर टप्पे बदलत राहते. प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध शिरेत गेलं की आकडे मोजणारा माणूस मिनिटाच्या आत थांबतो. मेंदूला शांत करणारं 'गाबा' नावाचं रसायन असतं, त्याचा जोर हे औषध वाढवतं. मग थॅलॅमस, म्हणजे मेंदूच्या मधोमधचं निरोप पुढं धाडणारं ठाणं, आणि मेंदूचं वरचं आवरण एकाच ठेक्यात अडकून पडतात, सेकंदाला 8 ते 12 लाटा. त्यांच्याखाली आणखी एक फार संथ लाट चालू असते.

कासपठार (सातारा):
शब्दाच्या बाजूनं थोडं. 'भूल'चं मूळ प्राकृतातल्या 'भुल्ल'मध्ये, म्हणजे चुकणं. आमच्याकडं रानात वाट चुकलेल्याला 'रानभूल पडली' म्हणतात. पायाखाली वाट असते, पण ती कुठं जाते ते उमगत नाही. 'शुद्ध' हे नाम 'शुद्धि'वरून आलं, आणि 'भान'चा मूळ अर्थ उजेड. इंग्रजांचा 'ॲनेस्थेशिया' 1846 सालचा. बोस्टनला मॉर्टननं ईथरचा जाहीर प्रयोग केला, त्यानंतर होम्स या डॉक्टरनं सुचवलेला. त्याचा अर्थ संवेदना नसणं. सरकारी पाट्यांवर 'बधिरीकरणशास्त्र विभाग' लिहितात ते त्याच अर्थाला धरून. मला ते भाषांतर अपुरं वाटतं.

मिरजेची भूलतज्ज्ञ:
अगदी बरोबर पकडलंत! दाढ काढताना हिरडीत सुई देतात ते बधिर करणं. नसेतून निरोप पुढं जातच नाही. पूर्ण भुलीत मात्र आवाज, स्पर्श यांचे निरोप मेंदूच्या त्या त्या भागापर्यंत पोचत असतात. पुढचा मेंदू आणि मागचा मेंदू यांचं आपसातलं बोलणं तुटलेलं असतं, म्हणून त्यांचा अर्थ लागत नाही. तुमच्या रानभुलीसारखंच. आणखी एक, 'उतरली' म्हणताना औषध ओसरलं की संपलं असं वाटतं. पण शुद्ध हरपायला औषध जितकं लागतं, त्याहून बरंच खाली आल्यावर ती परत येते. ज्या वाटेनं गेला त्याच वाटेनं मेंदू परतत नाही.

कृष्णाकाठ (सांगली):
आभार, ताई. आईला वाचून दाखवलं. आबांनी तिसऱ्या दिवशी सकाळी चहा मागितला आणि म्हणाले, "मला हितं आणून किती दिस झालं?" तेव्हा तिच्या जीवात जीव आला. मधल्या त्या दोन दिवसांना ती 'झापड' म्हणते. सातारकडं काय म्हणतात?