जीसीसी ७ विरुद्ध जीसीसी १२: तीन प्रोसेसरांवर फ्लोटिंग-पॉइंटची तुलना

प्रश्न:
सी प्रोग्रॅम छोटा आहे: डबलच्या (६४-बिट दशांश संख्यांच्या) दोन ॲरेंचा डॉट प्रॉडक्ट (जोडीजोडीने गुणून बेरीज) आणि दुसऱ्या लूपमध्ये एक्स्प (e चा घात). हॅसवेलवर (इंटेलचा प्रोसेसर) उबुंटू १८.०४ नि जीसीसी ७ हा कंपायलर. झेन २ (एएमडीचा प्रोसेसर) आणि रास्पबेरी पाय ५ (आर्म प्रोसेसरचा छोटा संगणक) यांवर डेबियन १२ नि जीसीसी १२. फ्लॅग (कंपायलरला दिलेली सूचना) सगळीकडे ओ२, म्हणजे ऑप्टिमायझेशनची दुसरी पातळी. एक्स्पचा लूप झेन २ वर इतका वेगात धावतो की नुसत्या प्रोसेसरच्या फरकाने ते पटत नाही. तिथेच एम-एफएमए (गुणाकार नि बेरीज एकाच सूचनेत करणारा एफएमए वापरू देणारा फ्लॅग) जोडलं की डॉट प्रॉडक्ट उलट मंदावतो. आणि पायवर बेरजेचे शेवटचे अंक जुळत नाहीत. यात कंपायलरचा वाटा किती, हे कसं काढायचं?

उत्तर १:
एक्स्पचं श्रेय मुख्यतः जीलिबसीचं, म्हणजे एक्स्प जिच्यातून येतो त्या सी लायब्ररीचं. डबलचे एक्स्प, लॉग, पॉव २.२८ या आवृत्तीत (२०१८) नव्याने लिहिले गेले. उबुंटू १८.०४ वर २.२७ आहे, डेबियन १२ वर २.३६. म्हणून जीसीसी ७ ने फक्त ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे लायब्ररीशी अजून न जोडलेला कोड, बनवा (सी फ्लॅग), ती झेन २ वर न्या आणि लिंक तिथे करा. लायब्ररी एक, प्रोसेसर एक. उरला तो फरक कंपायलरचा.

उत्तर २:
एफएमएचं कोडं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. झेन २ वर बेरजेची लेटन्सी (उत्तर हाती येईपर्यंतचा वेळ) ३ सायकल, एफएमएची ५. गुणाकार वेगळा असतो तेव्हा तो आधीच उरकून बसलेला असतो, मागच्या बेरजेवर पुढची थांबते त्या साखळीत फक्त बेरीज राहते. दोन्ही एकत्र केले की प्रत्येक फेरी ५ सायकलची होते. हॅसवेलवरही हेच आकडे. एम-ट्यून=झेडएनव्हर२ (कोड झेन २ ला जुळवणारा फ्लॅग) दिलंत तर जीसीसी १२ अशा साखळीत एफएमए टाळतो. पण खरा इलाज म्हणजे बेरजेसाठी एकाऐवजी पाच व्हेरिएबल. प्रत्येक एफएमएला दोन लोड (मेमरीतून वाचन) लागतात आणि सायकलला लोडही दोनच होतात, त्यामुळे पाचाहून जास्त घेऊन फायदा नाही. ॲरे हजार घटकांचे ठेवा; दोन्ही मिळून १६ केबी, एल१ मध्ये (प्रोसेसरच्या सर्वांत जवळच्या कॅशमध्ये) मावतात.

प्रश्नकर्ता:
पाच केले तर उत्तर बदलेल ना?

उत्तर २:
बदलेल, बेरजेचा क्रम बदलतो म्हणून. याच कारणाने फास्ट-मॅथ (गणिताचे नियम सैल करणारा फ्लॅग) दिल्याशिवाय कंपायलर हे स्वतःहून करत नाही. लांब ॲरेवर राउंडिंगची चूक सहसा कमीच होते.

उत्तर ३:
पायचं उत्तर सोपं आहे. ६४-बिट आर्मच्या मूळ सूचना-संचातच एफएमए असतो आणि जीसीसी तो न सांगता वापरतो. तिथे राउंडिंग दोनदा न होता एकदाच होतं. एक्स८६-६४ च्या (हॅसवेल, झेन २) मूळ संचात तो नाही. एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ (गुणाकार नि बेरीज एकत्र न करण्याचा फ्लॅग) सगळीकडे द्या, मग डॉट प्रॉडक्टचे अंक जुळतील.

आणि ओ२ वर थांबू नका. जीसीसी १२ पासून ओ२ मध्ये व्हेक्टरायझेशन (एका सूचनेत अनेक संख्यांवर काम) चालू झालं, जीसीसी ७ मध्ये ते ओ३ ला होतं. दोन्ही कंपायलर ओ३ वर, गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर, टास्कसेटने एकाच कोअरवर मोजा. शेवटची बेरीज छापायला विसरू नका, नाहीतर कंपायलर अख्खा लूपच उडवतो.