शब्दचर्चा: खोगिराच्या ‘ट्री’ला काय म्हणावं?

प्रश्न: मी टेक्ससमध्ये राहते. मुलगी घोडेस्वारी शिकतेय, आता स्वतःचं वेस्टर्न सॅडल (काउबॉय वापरतात तसं खोगीर) घ्यायचंय. पुण्याला बाबांना फोनवर सांगत होते की आधी ‘ट्री’ घोडीला बसतं का ते बघतात. ते म्हणाले, “यात झाड कुठून आलं?” मला उत्तर देता येईना. शब्द सुचवा. ‘सेमी’ आणि ‘फुल क्वार्टर हॉर्स बार’ ही त्याची मापंही मराठीत कशी सांगू?

उत्तर: ताई, ‘ट्री’चा जुन्या इंग्रजीत नुसतं लाकूड असाही अर्थ होता. ‘ॲक्सलट्री’मध्ये (गाडीच्या चाकांचा आडवा आस) तोच उरलाय. मी ‘सांगाडा’ म्हणेन. कण्याच्या दोन बाजूंना दोन लांब पट्ट्या (हे बार), पुढे कमान, मागे टेकू. लाकडी सांगाड्यावर न कमावलेलं कातडं ओलं असताना ताणून शिवतात, वाळताना ते आवळत जातं. हल्ली फायबरग्लासचेही सांगाडे मिळतात.

उत्तर: ‘काठी’ चालेल का? हिंदीत खाली लाकूड असलेल्या जिनाला काठीच म्हणतात. मूळ काष्ठ. आपल्याकडे ‘अंगकाठी’त बांध्याचा अर्थ आहेच.

उत्तर: शब्द सुरेख आहे, पण मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी दांडकं येईल. मी सांगाड्याच्या बाजूने.

माझी खरी अडचण ‘खोगीर’ शब्दाची आहे. आपण ‘खोगीरभरती’ म्हणत आलो, म्हणून वाटतं की खोगीर म्हणजे मऊ भरलेली गादी, टोचलं तर अजून थोडं भरा. वेस्टर्न सॅडलमध्ये भार पेलतो तो कडक सांगाडा. तो अरुंद असेल आणि खाली जाड पॅड घातलं, तर चावणाऱ्या बुटात जाड मोजा घातल्यासारखं होतं. घोड्याला बोलता येत नाही. पुढे खांद्यावरच्या उंचवट्याशी पांढरे केस उगवतात तेव्हा कळतं, आणि तोवर तिथली कातडी दुखावलेली असते. म्हणून भाषांतरात हा कडकपणा हरवू देऊ नका.

‘क्वार्टर’चं ‘पाव’ तर मुळीच करू नका. क्वार्टर हॉर्स ही जात आहे, पाव मैलाच्या शर्यतीवरून नाव पडलेली. ‘सेमी’ म्हणजे अरुंद, ‘फुल’ म्हणजे रुंद. पुढच्या कमानीची रुंदी साधारण साडेसहा आणि सात इंच सांगतात, पण प्रत्येक कारागिराचं माप वेगळं. शिवाय रुंदी एक झाली. पट्टीचा उतार आणि लांबी पाठीशी जुळते का, हे इंचांत कळत नाही. अरबी घोड्याची पाठ आखूड, त्याला लांब पट्टी मागे कमरेवर रुतते.

प्रश्नकर्ती: मनापासून आभार. काल पॅड न घालता सॅडल नुसतं पाठीवर ठेवलं आणि पट्टीखाली तळहात सरकवला. खांद्याशी बोटं अडकली, मध्ये हात मोकळा फिरला, मागे पुन्हा अडकला. भार दोन टोकांवरच होता, नदीवरच्या साकवासारखा. ते सॅडल परत केलं. बाबांना ‘सांगाडा’ म्हटल्यावर पुढचं काहीच समजावावं लागलं नाही. त्यांनी लगेच विचारलं, घोडीची अंगकाठी कशी आहे? ‘गलेट’ला कमान म्हणतेय. कमानीवर पुढे उभा असतो त्या ‘हॉर्न’ला शिंग म्हणवत नाही, त्याला दोर गुंडाळतात, तर खुंटी म्हणू का?