शरदातला काटकसरीचा संसार: तुमच्याकडे काय काय चालतं?

दसरा झाला, ऑक्टोबरचं ऊन चटकायला लागलं की आमच्या घरात सगळं एकदम अंगावर येतं, वेलीला दुधी आणि दोडके एकाच आठवड्यात, दिवाळीची साफसफाई, पोरांचे आखूड झालेले कपडे, आणि खर्चाचं तर विचारूच नका. मी पुण्यात राहते, गच्चीवर पंधरा-वीस कुंड्या आणि दोन जुने ड्रम एवढीच बाग, तरी या दीड महिन्यात भाजी फार कमी विकत आणते. आई हे सगळं न बोलता करायची, कुठे लिहून ठेवलं नाही तिने, आणि आता मला एकेक गोष्ट आठवून करावी लागते म्हणून विचारतेय. बागेतलं कसं पुरवता, जुन्या कपड्यांचं, अंथरुणा-पांघरुणांचं काय करता, सगळं लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

माझ्याकडचं आधी सांगते. दोडक्याच्या शिरा आणि दुधीची सालं फेकायची नाहीत, बारीक चिरून थोड्या तेलात कुरकुरीत करायची, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची घालून चटणी, फ्रीजमध्ये आठवडाभर आरामात राहते. पण दुधी चिरल्यावर एक चकती आधी चाखून बघा, कडू लागली तर अख्खा दुधी टाकून द्या, शिजवला म्हणून कडूपणातलं विष जात नाही, तिथे काटकसर नको. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही ठेवते, फुलं पूर्ण वाळली की पाकळ्यांच्या बुडाशी काळ्या बारीक काड्यांसारख्या बिया असतात, त्या कागदात बांधून जूनमध्ये पेरते. हायब्रीड फुलांच्या बियांतून हुबेहूब तशीच फुलं येत नाहीत, पण तीन वर्षं दसऱ्याला तोरण घरच्या झेंडूचं होतंय.

---

आमचं गाव चिपळूणजवळ. भाजीचं म्हणाल तर या दिवसांत तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, आणि भोपळे. तवसं वेलावर जून झालं, साल पिवळी-तांबूस झाली की काथ्याच्या दोरीत अडकवून पडवीच्या वाशाला टांगतो, एकाला दुसरं लागू द्यायचं नाही, दिवाळीनंतरही चांगली राहतात. भोपळा तोडताना देठ तीन-चार बोटं ठेवायचा, आणि उचलताना देठाला धरायचं नाही, देठ निघाला की तिथूनच सडायला लागतो. चार-पाच दिवस उन्हात ठेवून मग आत कोरड्या जागी.

तवशाचं धोंडस घरी सगळ्यांना आवडतं. किसल्यावर जे पाणी सुटतं ते अजिबात टाकायचं नाही, त्यातच भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ, आणि तळाला हळदीचं पान. आजी खाली-वर निखारे ठेवून करायची, मी जाड बुडाच्या पातेल्यात मंद गॅसवर करते, झाकणावर तापलेला तवा. निखाऱ्यांची चव येत नाही हे खरं आहे. बिया धुवून राखेत घोळून वाळवते, पुढच्या पावसाला त्याच.

---

नागपूरहून. संत्र्याची सालं वाळवायला घ्या आत्तापासून, उटण्यात घरचीच पूड. बाकी आमच्याकडे जुने कपडे बोहारणीला देऊन भांडी घ्यायची पद्धत अजून आहे, यंदा चार साड्या आणि दोन पँटींवर स्टीलचं मोठं पातेलं आलं. सुती साड्या मात्र देत नाही.

---

सुती साड्या देऊ नकाच! मी सातारा जिल्ह्यातली. माझी आजी गेली तेव्हा तिच्या नऊवारी साड्या कपाटात तशाच होत्या, वापरून वापरून मऊ झालेल्या, कोणाला द्यायचं मन होईना आणि नेसणारंही कोणी नाही, शेवटी गावातल्या एका मावशींकडे दिल्या आणि त्यांनी वाकळ म्हणजे गोधडी शिवली, आत दोन साड्या, वर-खाली एकेक, आणि सगळीकडून हाताने धावदोरा, अगदी जवळजवळ. तीन आठवडे लागले. मजुरी दिली ती दुकानातल्या ब्लँकेटपेक्षा जास्तच पडली, म्हणजे त्या अर्थाने काटकसर नाही, पण ते ब्लँकेट दोन हिवाळ्यांत गोळे धरून बसतं आणि ही वाकळ माझी मुलगी वापरेल. पांघरली की आजीच्या कपाटाचा वास अजून येतो, धुतल्यावर सुद्धा.

---

न्यू जर्सीतून लिहितोय. आमच्याकडे ऑक्टोबरच्या मध्यापासून कधीही पहिलं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडतं आणि एका रात्रीत टोमॅटो, मिरची, तुळस सगळं काळं होतं, म्हणून हवामानाचा अंदाज बघून आदल्या संध्याकाळी मी आणि बायको टॉर्च घेऊन अंगणात उतरतो आणि जे आहे ते तोडून आणतो. हिरव्या टोमॅटोंपैकी जे जरा फिकट, पांढुरके झालेत ते खोक्यात वर्तमानपत्रावर पसरून एक पिकलेलं केळं सोबत ठेवायचं, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ते हळूहळू पिकतात, काही नोव्हेंबर अखेरीपर्यंत. फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत. गडद हिरवे कडक पिकत नाहीत, त्यांची दाण्याचं कूट आणि गूळ घालून भाजी. घारग्यांना हॅलोविनचे मोठे नारिंगी भोपळे घेऊ नका, पाणचट असतात, बटरनट जातीचा भोपळा घ्या, आपल्या लाल भोपळ्याच्या जास्त जवळ.

मुलांचे थंडीचे कोट सगळे सेकंडहँड, सप्टेंबरमध्येच, बर्फ पडल्यावर चांगला माल उरत नाही. एकदा घाईत घेतला आणि घरी येऊन बघतो तर चेन अर्ध्यातच अडकते, तेव्हापासून दुकानातच चेन चार वेळा खालीवर करतो, खिसे उलटे करतो, अस्तर हाताने चाचपतो.

---

मी इंग्लंडात लेस्टरला असते, इथल्या चॅरिटी शॉपमधून, म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तूंच्या दुकानातून, लोकरी स्वेटर घेते, घालायला नाही, उसवायला. बाजूची शिवण आतून बघायची. ओव्हरलॉक केलेली असेल तर सोडून द्या, म्हणजे कापड कापून जोडलंय, लोकर वीत-वीत तुकड्यांत निघते. साखळीसारखी शिवण असेल तर अख्खा धागा सलग येतो. आणल्यावर पिशवीत बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये, कसर असली तर मरते. उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात बुडवून सावलीत टांगायची, सगळे वळसे सरळ होतात. मागच्या वर्षी दोन स्वेटरमधून नातवाचा स्वेटर, कानटोपी आणि माझे हातमोजे झाले.

---

सातारच्या ताई, पुण्यातून विचारतेय, आमच्याकडे सासूबाईंच्या तीनच सुती साड्या आहेत, त्याही पाचवारी, आणि एक जागोजाग विरलीये. तेवढ्यात होईल का वाकळ? मावशी आहेत ओळखीच्या, विचारायला संकोच वाटतोय.

---

होईल की! विरलेली आत घाला, धड असलेल्या दोन वर-खाली, म्हणजे एकेरी होईल, पुण्याच्या थंडीला पुरे. साड्या आधी धुवून कडक उन्हात वाळवा, फॉल असेल तर काढा, खळ राहिली तर सुई चालत नाही. आत्ताच द्या, दिवाळी जवळ आली की मावशींच्या हातात कामं असतात.