नाशिकची सहा अक्षरे आणि ती ज्यांत आहेत असे इंग्रजी शब्द

गंगापूररोडकर (प्रश्न) :
नमस्कार. मी नाशिकला आठवीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. मागच्या आठवड्यात फळ्यावर एन, ए, एस, एच, आय, के ही आपल्या गावाचीच सहा अक्षरे लिहिली आणि ‘या अक्षरांचे इंग्रजी शब्द शोधा’ असे सांगितले. बहुतेकांनी स्किन, सिंक, अ‍ॅश, शँक असे शब्द आणले. एका मुलीने मात्र ‘हँकीज’, म्हणजे हातरुमाल, हा शब्द आणला आणि त्यात सहाही अक्षरे असल्याचे एकेक अक्षर मोजून दाखवले. त्यात ई हे अक्षर बाहेरचे आहे, म्हणून शब्द बाद, असे इतरांचे म्हणणे पडले. मला निवाडा देता आला नाही. शिवाय, सहाही अक्षरे असलेले आणखी शब्द शोधावेत तरी कसे? शब्दकोश पहिल्या अक्षरावरून लावलेला असतो आणि ही अक्षरे शब्दात कोठेही असू शकतात. सार्वजनिक वाचनालयात बसून दोन संध्याकाळी जाडजूड कोश चाळले, पण हाती काही लागले नाही.

पंचवटीचा_कोडेवाला :
ताई, घोळ फळ्यावरच्या वाक्यातच आहे. ‘अक्षरांचे शब्द’ या षष्ठीतून दोन अर्थ निघतात : केवळ या अक्षरांपासून बनलेले शब्द, किंवा ही सर्व अक्षरे ज्यांत आहेत असे शब्द, मग सोबत आणखी कितीही असोत. पहिल्या अर्थाने स्किन बरोबर, दुसऱ्या अर्थाने हँकीज बरोबर. त्या मुलीला पूर्ण गुण द्यावेत, कारण दुसरा प्रकार अधिक अवघड आहे.

शोधताना दुर्मीळ अक्षरापासून सुरुवात करावी. स्क्रॅबल या इंग्रजी शब्द जुळवण्याच्या खेळात जे अक्षर अधिक वापरात, त्याच्या सोंगट्या सहसा अधिक असतात; त्याच्या १०० सोंगट्यांत ए आणि आय प्रत्येकी ९ आहेत, एन ६, एस ४, एच २ आणि के अवघी १. म्हणजे आपल्या सहांत के सर्वांत दुर्मीळ. ए धरून बसलात तर अर्धा कोश समोर येईल. त्यानंतर शेपटाचा विचार करावा, कारण इंग्रजीत शब्दांना लागणारे प्रत्यय ठरलेले आहेत. आय आणि एन आहेत म्हटल्यावर जी उसना घेऊन ‘इंग’ होतो. उरलेल्या चार अक्षरांतून शेकिंग मिळते, जे नाशिक अधिक जी एवढेच आहे. आय, एस, एच यांचा ‘इश’ होतो आणि व्ही जोडला की नेव्हिश, म्हणजे लबाड, हा शब्द तयार होतो. त्याच तीन अक्षरांना पी जोडून ‘शिप’ केले की वर्कमनशिप आणि मार्क्समनशिप हे दोन्ही हाती येतात.

एक अडचण खास आपली आहे. आपण देवनागरीत वाढल्यामुळे अक्षर कानाने शोधतो. शेकिंगमधला एच आपल्याला ‘श’मध्ये ऐकूच येत नाही, थँक्सगिव्हिंगमधला ‘थ’मध्ये लपतो आणि नेव्हिशच्या आरंभीचा के तर मुका आहे. त्यामुळे मुलांना शब्द रोमन लिपीत लिहूनच तपासू द्यावा.

सातपूरचा_संगणकवाला :
वरील उत्तर उत्तमच आहे, पण कोडे तयार करणाऱ्याला संपूर्ण यादी हवी असते आणि ती डोक्याने पुरी होत नाही. इंग्रजी शब्दांची यादी एक्सेलच्या एका स्तंभात घ्यावी. शेजारच्या स्तंभात सर्च या फंक्शनला महिरपी कंसात सहाही अक्षरे अवतरणचिन्हांसह द्यावीत आणि त्याभोवती काउंट लावावे. जेथे उत्तर ६ येईल तो शब्द आपला. सर्चऐवजी फाइंड वापरू नये, कारण त्याला लहान व मोठ्या लिपीतला फरक चालत नाही. एकच मर्यादा सांगतो : एस दोनदा हवा असेल, तर ही युक्ती तो दोनदा आहे की नाही हे पाहत नाही.

गणिताचा_विद्यार्थी :
ती मर्यादा मूळ संख्यांनी दूर होते. ए म्हणजे २, बी म्हणजे ३, सी म्हणजे ५, असे करत झेडला २६वी मूळ संख्या १०१ द्यावी आणि शब्दातील अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करावा. नाशिकचा गुणाकार ७,८०,५७,८१४ येतो. ज्या शब्दाच्या गुणाकाराला या संख्येने निःशेष भाग जातो, त्यात सहाही अक्षरे आहेतच. अक्षर दोनदा हवे असेल, तर त्याची संख्या दोनदा गुणावी. मात्र एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक राहते आणि थँक्सगिव्हिंगचा गुणाकार १८ अंकी होतो, तेव्हा लांब शब्दांसाठी दुसरे साधन घ्यावे लागेल.

सिडकोकर :
विशेषनामे चालत असतील, तर काँगो लोकशाही प्रजासत्ताकाची राजधानी किन्शासा पाहा. के, आय, एन, एस, एच, ए, एस, ए : नाशिकची सहाही अक्षरे आहेत आणि बाहेरचे एकही नाही. स्क्रॅबलमध्ये चालणार नाही, पण आफ्रिकेच्या नकाशावर आपली अक्षरे सापडल्याचा आनंद वेगळाच.

गंगापूररोडकर :
सर्वांचे आभार. उद्या फळ्यावर ‘ही सहाही अक्षरे ज्यांत आहेत असे शब्द शोधा, जादा अक्षरे चालतील, विशेषनामे चालणार नाहीत’ असे लिहिणार आहे. हँकीजचे गुण आजच दिले. किन्शासा मात्र भूगोलाच्या सरांना विचारायला ठेवते.