यूएफडब्ल्यू (उबुंटूची फायरवॉल) चालू, तरी ५४३२ पोर्ट बाहेरून उघडा कसा?

प्रश्न: उबुंटू सर्व्हरवर इनकमिंगचं डीफॉल्ट 'डिनाय' (नकार) आहे, फक्त २२, ८० आणि ४४३ हे पोर्ट उघडे. तरी डॉकरमधल्या (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं साधन) पोस्टग्रेस डेटाबेसचा ५४३२ बाहेरून लागतोय. 'डिनाय ५४३२' टाकूनही ढिम्म फरक नाही.

उत्तर १: नियम बरोबर आहेत, पॅकेट त्या वाटेने जातच नाही. पोर्ट पब्लिश केला (बाहेर खुला केला) की डॉकर प्रीराउटिंगमध्येच, म्हणजे पॅकेट आत येताच, त्याचा पत्ता कंटेनरचा करतो. मग पॅकेट इनपुटऐवजी (सर्व्हरसाठीच्या पॅकेटांचे नियम) फॉरवर्ड साखळीत (पुढे पाठवायच्या पॅकेटांचे नियम) जातं, आणि तुमचा 'डिनाय' बसलाय इनपुटमध्ये. कंपोज फाइलमध्ये (डॉकरच्या कंटेनरांची मांडणी) '५४३२:५४३२' ऐवजी '१२७.०.०.१:५४३२:५४३२' लिहा, म्हणजे पोर्ट फक्त त्याच मशीनवरून लागेल. कंटेनर नव्याने तयार करा, नुसता रीस्टार्ट पुरत नाही.

उत्तर २: अ‍ॅप त्याच कंपोजमध्ये असेल तर पोर्टची ओळच उडवा. सर्व्हिसच्या नावाने जोडणी होते.

उत्तर ३: ठरावीक आयपीलाच द्यायचा असेल तर नियम डॉकर-यूजर साखळीत (डॉकरने तुमच्या नियमांसाठी ठेवलेली) टाका. गोम अशी की तिथे पोहोचेपर्यंत पोर्ट कंटेनरचा झालेला असतो: '१५४३२:५४३२' (आधी सर्व्हरचा पोर्ट, मग कंटेनरचा) असेल तर नियमात ५४३२ लिहायचा. प्रयोग करताना दुसरं एसएसएच (दुरून लॉगिन) सेशन उघडं असू द्या. तपासणी बाहेरच्या मशीनवरून, एनमॅपने (पोर्ट तपासणारं साधन); सर्व्हरवरूनच केलीत तर फसाल.

प्रश्नकर्ता: १२७.०.०.१ ने काम झालं. एनमॅप आता 'फिल्टर्ड' (फायरवॉलने अडवलेला) दाखवतोय.