मदत हवी आहे : तोंडाने मुतखडा ‘ओढणाऱ्या’ बाबाविषयी

नमस्कार. तासगाव तालुक्यातील आमच्या गावी दर अमावास्येला येणारा एक बाबा पोटाला तोंड लावून मुतखडा ओढून काढल्याचे दाखवतो, आणि माझ्या चुलत्यांनी तो खडा डबीत जपून ठेवून डॉक्टरांची औषधे बंद केली आहेत. खडा आधीच गालात दडवलेला असणार (काकूंना तर तो सरळ ओढ्यातला वाटतो). नव्या सोनोग्राफीत मुतखडा होता तिथेच दिसला, तरी चुलते मशीनलाच दोष देतात. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात ६ महिने ते ७ वर्षे कारावासाची तरतूद आहे; मात्र चुलते स्वतः तक्रार देणार नाहीत. अशा वेळी पुतण्याची तक्रार दक्षता अधिकारी (या कायद्यासाठी नेमलेले पोलीस अधिकारी) नोंदवून घेतील का, आणि सोनोग्राफीच्या दोन्ही अहवालांखेरीज कोणता पुरावा जमवावा? अंधश्रद्धा निर्मूलन समितीसोबत असा भांडाफोड केलेल्या सांगली-साताऱ्याच्या मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.